अडीच तासांचं नाटक चार जीबीत: व्हिडिओ एक्स्पोर्टची सेटिंग कशी निवडायची

गोव्यात दिवाळी सरली की जत्रांचे दिवस येतात आणि देवळांसमोरच्या मांडवात गावातल्याच कलाकारांची मराठी नाटकं उभी राहतात. त्यातलं जवळपास प्रत्येक नाटक आता कोणी ना कोणी मोबाइलवर किंवा लहान कॅमेऱ्यावर टिपतं. बहुधा कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे हे काम येतं. चित्रण होतं, एडिटिंगही हळूहळू जमतं, पण एक्स्पोर्टचं बटण दाबल्यावर आकड्यांची जी खिडकी उघडते तिथे हात थांबतो. बरेच जण आहे तसंच ‘ओके’ करून मोकळे होतात. मग फाइल एवढी मोठी होते की पेनड्राइव्हवर मावत नाही, किंवा एवढी लहान होते की दुसऱ्या अंकातला काळोखातला प्रवेश नुसत्या चौकोनी ठिपक्यांनी भरून जातो.

हा लेख त्या खिडकीसाठी आहे. डाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर, केडेनलाइव्ह, शॉटकट किंवा फोनवरचं एखादं ॲप, यांत रकान्यांची नावं थोडीफार बदलतात, प्रश्न तेच राहतात. त्यातला बिटरेटचा प्रश्न सगळ्यांत मोठा. फाइल किती मोठी होणार ते बिटरेट ठरवतो, आणि तेवढ्या बिटरेटमध्ये चित्र टिकणार की फाटणार ते चित्रात काय चाललंय त्यावर ठरतं. या दोन गोष्टी पक्क्या समजल्या की बाकीचे रकाने भरायला फार वेळ लागत नाही.

१. फाइल कुठे पाहिली जाणार, ते आधी ठरवा

गावच्या नाटकाच्या व्हिडिओला साधारण चार ठिकाणी जायचं असतं: यूट्यूबवर, पेनड्राइव्हमधून घराघरांतल्या टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर आणि मंडळाच्या संग्रहात. एकच फाइल या चारही ठिकाणी चालवायची म्हटलं तर ती कुठेच नीट चालत नाही. संग्रहाची प्रत भरपूर मोठी असायला हवी, टीव्हीच्या प्रतीला आकाराची मर्यादा असते, आणि व्हॉट्सॲप तर तुमच्या व्हिडिओवर स्वतःची कात्री चालवतंच.

म्हणून पहिल्यांदा एक उत्तम प्रत काढा आणि बाकीच्या प्रती तिच्यावरून, किंवा थेट एडिटिंगच्या टाइमलाइनवरून, तयार करा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फाइलवरून नवी फाइल कधीही करू नका. आपण वापरतो ती सगळी कोडेक्स, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धती, आकार कमी करण्यासाठी चित्रातली काही माहिती कायमची टाकून देतात. टाकलेली माहिती पुढच्या एक्स्पोर्टला कितीही मोठा आकडा दिला तरी परत येत नाही.

२. आकाराचा हिशोब हा साधा गुणाकार आहे

बिटरेट म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदासाठी किती बिट खर्च करायचे तो आकडा. तो एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष बिट असा लिहितात. आठ बिटचा एक बाइट होतो. त्यावरून पाठ करून ठेवावा असा एक आकडा निघतो: १ एमबीपीएस म्हणजे मिनिटाला साडेसात एमबी आणि तासाला ४५० एमबी.

आता कुठल्याही व्हिडिओचा आकार तोंडी सांगता येतो. अडीच तासांचं नाटक ८ एमबीपीएसने काढलं तर ४५० गुणिले ८ गुणिले २.५, म्हणजे ९,००० एमबी, साधारण ९ जीबी. तेच २० एमबीपीएसने काढलं तर साडेबावीस जीबी. दीड मिनिटाची झलक १० एमबीपीएसने काढली तर सुमारे ११२ एमबी.

लक्षात घ्या, या गुणाकारात रिझोल्यूशन, म्हणजे चित्रात किती पिक्सेल (बारीक ठिपके) आहेत तो आकडा, कुठेही नाही. ८ एमबीपीएसचा ४के व्हिडिओ आणि ८ एमबीपीएसचा ७२०पी व्हिडिओ, दोन्हींची फाइल सारख्याच आकाराची होते. फरक दिसण्यात पडतो. ४केच्या फाइलला तेवढेच बिट नऊपट पिक्सेलांत वाटावे लागतात आणि चित्र विरतं.

हिशोब उलटाही करता येतो आणि प्रत्यक्षात तोच जास्त उपयोगी पडतो. समजा टीव्हीसाठी फाइल ४ जीबीच्या आत बसवायची आहे. थोडी जागा सोडून ३.८ जीबी धरा. ३,८०० एमबीला अडीच तासांनी भागलं की तासाला १,५२० एमबी. त्याला ४५० ने भागलं की सुमारे ३.४ एमबीपीएस. यात आवाजही येतो. आवाजाला १९२ केबीपीएस, म्हणजे जवळपास ०.२ एमबीपीएस दिले की चित्रासाठी ३.२ उरतात. एन्कोडर, म्हणजे फाइल दाबून तयार करणारा सॉफ्टवेअरचा भाग, कधी कधी सांगितल्यापेक्षा थोडं जास्त खर्च करतो, म्हणून ३.१ लिहा. फाइल ३.७ जीबीच्या आसपास उतरेल.

एवढ्या कमी बिटरेटमध्ये चित्र कसं टिकतं, हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे व्हिडिओतल्या एका स्थिर चित्रात, १९२० गुणिले १०८० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा एकेक बाइट धरला तर एक फ्रेम ६ एमबीहून मोठी होते आणि २५ फ्रेमचा एक सेकंद सुमारे १५५ एमबीचा. ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फक्त १ एमबी. कोडेक हे साधतं ते मुख्यतः एका युक्तीने: ठरावीक अंतराने एक फ्रेम पूर्ण साठवायची आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं किंवा कुठून कुठे सरकलं तेवढंच लिहायचं. ही युक्ती ध्यानात ठेवा, सहाव्या पायरीवर तिचं काम पडणार आहे.

३. कोडेक: शंका असेल तर एच.२६४

एच.२६४ हे मानक २००३ सालचं आहे आणि आज हाताशी असलेला जवळपास प्रत्येक फोन, टीव्ही आणि लॅपटॉप ते वाचतो. एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, २०१३ चं. तेवढाच दर्जा ते बऱ्याच कमी बिटरेटमध्ये देतं, पण जुन्या टीव्हीवर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. एव्ही१ २०१८ चं. ते त्याहून काटकसरी आहे, मात्र साध्या संगणकावर अडीच तासांचं नाटक एव्ही१ मध्ये काढायला फार वेळ जातो.

दुसऱ्याच्या हातात जाणारी प्रत्येक फाइल एच.२६४ आणि एमपी४ मध्येच द्या. एचईव्हीसी स्वतःच्या डिस्कवर जागा वाचवायला जरूर वापरा. प्रोफाइल विचारलं तर ‘हाय’ निवडा.

४. रिझोल्यूशन: आहे त्याहून मोठं करू नका

१०८०पीमध्ये टिपलेलं नाटक ४के करून काढलं तर त्यात नवा तपशील येत नाही, फक्त चौपट पिक्सेल भरावे लागतात. उलट ४केमध्ये टिपून १०८०पीमध्ये काढणं फायद्याचं. चित्र रेखीव होतं, अंधारातले ठिपके थोडे दबतात आणि एडिटिंग करताना नटाच्या चेहऱ्यावर थोडं जवळ जायलाही वाव मिळतो.

हाती बिटरेट कमी असेल तर रिझोल्यूशन उतरवायला कचरू नका. ३ एमबीपीएसमध्ये हालचालीचा प्रसंग १०८०पीला चौकोनांत फुटतो. तोच ७२०पीला थोडा मऊ दिसतो, पण अखंड दिसतो. दूरच्या प्रेक्षकाला मऊपणा खटकत नाही, चौकोन मात्र लगेच दिसतात.

५. फ्रेमरेट: जो टिपला तोच काढा

टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची असेल तर २५, ३०ची असेल तर ३०. मधेच बदललं की काही फ्रेम दुणावतात किंवा गळतात आणि चालणारा माणूस अडखळत चालल्यासारखा दिसतो. स्थिर कॅमेऱ्याने घेतलेल्या नाटकाला ६०ची गरज नाही.

इथे चित्रणाची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिचा परिणाम एक्स्पोर्टवर होतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मांडवातले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. कॅमेरा ३० फ्रेमवर आणि शटर एकसाठांश सेकंदावर असेल तर चित्रात पट्टे फिरताना दिसतात. २५ फ्रेम आणि एकपन्नासांश शटर ठेवलं की ते जातात. असे पट्टे आले तर सगळी चौकट सतत उजळते-मंदावते, कोडेकला प्रत्येक फ्रेम बदललेली वाटते आणि बिट वाया जातात.

फोनवरच्या चित्रणाचा फ्रेमरेट बहुतेक वेळा बदलता असतो. लांब रेकॉर्डिंगमध्ये त्यामुळे ओठ आणि आवाज हळूहळू सुटे होतात. असं दिसलं तर एडिटिंगच्या आधीच हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून फाइल एकदा काढून घ्या. दर्जाचा आकडा १६च्या आसपास ठेवा, म्हणजे या जादा फेरीत चित्राचं फारसं काही जाणार नाही. (हा आकडा काय ते सातव्या पायरीवर येईल.)

६. चित्रात काय हलतंय?

किती बिटरेट पुरेल याचं उत्तर कुठल्याही तक्त्यात पूर्ण सापडत नाही. ते तुमच्या चित्रातच असतं. मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल लिहिला जातो हे वर पाहिलं. बदल जितका कमी आणि जितका सरळ, तितके बिट कमी लागतात.

चवथीतल्या माटोळीचं उदाहरण घ्या. तिपायीवर कॅमेरा, वर टांगलेली फळं, पानं, फुलं, समोर गणपती. रंग आणि तपशील भरपूर, पण हलत काहीच नाही. १०८०पीला ४ एमबीपीएसमध्येही हे चित्र सुरेख राहतं. तीच माटोळी कोणी हातात फोन धरून, चालत, वर-खाली फिरवत टिपली तर दुप्पट बिटही कमी पडतात. तिपायी हे फाइल लहान करण्याचं सर्वांत स्वस्त साधन आहे, आणि हे मी अगदी मनापासून सांगतो.

दुसऱ्या टोकाला शिगमो, गोव्यातला होळीच्या वेळचा उत्सव. रोमटामेळ, म्हणजे नाचत-वाजत जाणारी मिरवणूक, चालला आहे, पताका फडकताहेत, ढोल-ताशे वाजवणारे हात सतत हलताहेत आणि हवेत गुलाल उडतो आहे. गुलालाचा कण या फ्रेममध्ये आहे आणि पुढच्या फ्रेममध्ये तिथे नाही. मागच्या फ्रेमवरून पुढची ओळखायची युक्ती इथे जवळपास लंगडी पडते. अशा दृश्याला १०८०पीला १२ ते १६ एमबीपीएस द्या. पावसाळी धबधबे, समुद्राच्या लाटा, वाऱ्याने हलणारी माडाची झावळं, फटाके हे सगळे याच जातीतले. दूधसागरचा पांढरा लोट यूट्यूबवर पिठासारखा दिसतो त्याचं कारण हेच. दोष कॅमेऱ्याचा नसतो.

नाटक या दोहोंच्या मध्ये येतं आणि नवख्यांना फसवतं. पाहायला ते सोपं वाटतं: कॅमेरा स्थिर, नेपथ्य स्थिर, दोन-तीन माणसं बोलताहेत. अडचण अंधाराची आहे. मांडवात प्रकाश कमी, म्हणून कॅमेरा आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, चढवतो आणि काळ्या पडद्यावर बारीक ठिपक्यांची वळवळ सुरू होते. डोळ्याला ती जेमतेम जाणवते, पण कोडेकला ती हालचालच वाटते. बिट त्या वळवळीवर खर्च होतात आणि नटाच्या चेहऱ्याच्या वाट्याला कमी उरतात. वर, बरेच एन्कोडर काळ्या भागाला मुळात हात राखूनच बिट देतात. म्हणून काळोखातले प्रवेश सर्वांत आधी फुटतात.

यावर उपाय तीन. चित्रण करतानाच आयएसओ हाताने बांधून ठेवा आणि चेहरा नीट दिसेल एवढाच उजेड घ्या. एडिटिंगमध्ये काळा रंग थोडा खाली दाबा, म्हणजे पडद्यावरचे ठिपके काळ्यात बुडतील. आणि एक्स्पोर्टच्या आधी हलका डीनॉइज, म्हणजे हे ठिपके पुसणारा फिल्टर, लावा; हँडब्रेकमध्ये ‘एनएलमीन्स’ नावाचा फिल्टर आहे, त्याची ‘लाइट’ पातळी बहुधा पुरते. याहून जोराचा लावू नका. चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात आणि रंगभूषेच्या रेघा पुसल्या जातात. दशावतारात तर रंगवलेला चेहरा हेच अर्धं नाटक असतं.

या तिन्ही गोष्टी केल्या तर स्थिर कॅमेऱ्याचं नाटक १०८०पीला ५ ते ६ एमबीपीएसमध्ये सुंदर राहतं आणि ३ एमबीपीएसमध्ये पाहण्याजोगं.

७. बिट वाटायचे कसे: दर्जा धरून की आकार धरून

एक्स्पोर्टच्या खिडकीत सीबीआर, व्हीबीआर, टू-पास, सीआरएफ अशी अक्षरं दिसतात. त्यांचा अर्थ एवढाच, की बिट सगळ्या सेकंदांना सारखे वाटायचे की गरजेनुसार. सीबीआर सगळ्यांना सारखेच बिट देतं, व्हीबीआर गरजेनुसार. थेट प्रक्षेपणाला सीबीआर ठीक, साठवायच्या फाइलला नको. पडदा पडलेल्या दोन मिनिटांना आणि युद्धाच्या प्रसंगाला सारखेच बिट देण्यात काही अर्थ नाही.

आकार ठरलेला असेल, उदाहरणार्थ वरची ४ जीबीची अट, तर व्हीबीआर टू-पास घ्या. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर पूर्ण नाटक चाळतं, कुठे किती अवघड आहे ते टिपून ठेवतं आणि दुसऱ्या फेरीत त्यानुसार बिट वाटतं. वेळ जवळपास दुप्पट लागतो. रात्री लावून झोपा.

आकाराची सक्ती नसेल तर दर्जा धरून काढणं अधिक शहाणपणाचं. हँडब्रेकमध्ये याला आरएफ म्हणतात, इतरत्र सीआरएफ. इथे तुम्ही बिटरेट सांगतच नाही. दर्जाचा आकडा सांगता आणि तो राखायला लागतील तेवढे बिट एन्कोडर घेतो. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. एच.२६४ आणि १०८०पीसाठी २० ते २४ हा हँडब्रेकनेच सुचवलेला टप्पा आहे. २२ वर सुरुवात करा. साधारण ६ने आकडा उतरवला की फाइल दुप्पट होते, ६ने चढवला की निम्मी. एच.२६५चे आकडे वेगळ्या मोजपट्टीचे असतात. दोन्हींची तुलना करू नका.

जवळच ‘प्रीसेट’ किंवा ‘स्पीड’ असा रकाना असतो. ‘स्लो’ म्हणजे एन्कोडर जास्त विचार करतो आणि तेवढाच दर्जा कमी जागेत बसवतो. ग्राफिक कार्डाच्या मदतीने होणारं एन्कोडिंग खूप वेगवान असतं, पण तोच दर्जा मिळवायला त्याला थोडे जास्त बिट द्यावे लागतात. झलक उद्या सकाळी हवी असेल तर ते वापरा. टीव्हीच्या मर्यादित जागेसाठी मात्र संथ मार्गच घ्या.

आणि मूळ चित्रणाचा बिटरेट पाहायला विसरू नका. मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकली की तो दिसतो. फोनने १७ एमबीपीएसने टिपलेलं चित्र ५० एमबीपीएसने काढल्याने फक्त डिस्क भरते.

८. आवाजावर काटकसर करू नका

अडीच तासांत १९२ केबीपीएसचा आवाज सुमारे २१६ एमबी घेतो. ९ जीबीच्या फाइलमध्ये हे नगण्य आहे. तरीही फाइल लहान करायची म्हटलं की लोक आधी आवाज ६४ केबीपीएसवर आणतात. संगीत नाटकात याची किंमत मोजावी लागते. नुसत्या संवादांना ९६ किंवा १२८ केबीपीएसचा एएसी (आवाजाचा नेहमीचा फॉरमॅट) पुरतो. पण नांदी, पदं, ऑर्गन आणि तबला असेल तर १९२च्या खाली जाऊ नका. भजनातले टाळ आणि घुमट आरतीतली कासाळी यांचा उंच झणत्कार कमी बिटरेटला पाण्यातून आल्यासारखा सळसळतो, आणि एकदा तो कानाला लागला की दुसरं काही ऐकू येत नाही.

फॉरमॅट एएसी, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. एकाच माइकवर घेतलेला आवाज एकाच कानात येत असेल तर एक्स्पोर्टच्या आधी तो दोन्ही बाजूंना आणा.

९. पूर्ण नाटक काढण्याआधी तीस सेकंद काढा

ही पायरी कृपा करून टाळू नका. टाइमलाइनवर सर्वांत अवघड जागा शोधा: मंद प्रकाशातला प्रवेश, धुराचं यंत्र चालू असलेला देवाच्या प्रकट होण्याचा प्रसंग, किंवा पडदा वर जातानाचा क्षण. इन आणि आउट खुणा लावून तेवढाच तुकडा ठरवलेल्या सेटिंगने काढा. मग तो जिथे पाहिला जाणार तिथेच पाहा. टीव्हीची फाइल टीव्हीवर, फोनची फोनवर. लॅपटॉपच्या पडद्यावर जो अंधार नितळ दिसतो तो मोठ्या टीव्हीवर पायऱ्या-पायऱ्यांचा दिसू शकतो.

पाहताना तीन ठिकाणी नजर ठेवा: काळ्या पडद्याचे कोपरे, जलद हलणारे हात आणि दूरच्या पात्राचा चेहरा. हे तिन्ही ठीक असतील तर बाकीचं नाटक ठीकच निघतं. नसतील तर बिटरेट थोडा वाढवा किंवा रिझोल्यूशन एक पायरी उतरवा आणि तोच तुकडा पुन्हा काढा. दोन तुकडे एकामागून एक पाहूनही फरक सांगता येत नसेल तर लहान फाइलवाली सेटिंग घ्या.

याच वेळी रंगही तपासा. नवे फोन एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला टिपणाऱ्या पद्धतीत, चित्रण करतात आणि साध्या टाइमलाइनवरून ते काढलं की रंग उडालेले किंवा भगभगीत दिसतात. चित्रणाआधी फोनमधलं एचडीआर बंद ठेवणं हा सर्वांत सोपा मार्ग. आधीच टिपलं असेल तर एडिटिंगमध्ये ते रेक. ७०९ या साध्या एचडी रंगपद्धतीत बदलून मगच काढा.

यूट्यूबसाठी

यूट्यूब तुमची फाइल स्वतः पुन्हा एन्कोड करतं, म्हणून त्याला हात सैल सोडून द्या. त्याच्याच शिफारशीनुसार २४ ते ३० फ्रेमच्या १०८०पीला ८ एमबीपीएस, ४८ ते ६० फ्रेमला १२, आणि ७२०पीला अनुक्रमे ५ आणि ७.५ एमबीपीएस. ४केला ३० फ्रेमपर्यंत ३५ ते ४५. स्टिरिओ आवाजाला ३८४ केबीपीएस. शिगमो किंवा धबधबा असेल तर याच्या दीडपट दिलेत तरी चालेल.

अपलोडला लागणारा वेळही त्याच गुणाकाराने काढता येतो. ९ जीबीची फाइल आणि अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर एक तास. ५ एमबीपीएस असेल तर चार तास. नवीन चॅनेलवर फोन नंबरची पडताळणी केल्याशिवाय १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही, ते काम आधी उरकून घ्या.

व्हॉट्सॲपसाठी

व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबतंच, एचडीचा पर्याय निवडला तरी. म्हणून तिथे ४के देऊन काही हाती लागत नाही. झलक ७२०पीमध्ये, ३ एमबीपीएसने, एक-दीड मिनिटाची करा. ३० एमबीच्या आसपास होईल. दर्जा जसाच्या तसा पोहोचवायचा असेल तर तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल अशी जाते आणि तिला कोणी हात लावत नाही. आखातात किंवा मुंबईत असलेल्या घरच्यांना नाटकातला एखादा प्रवेश पाठवायचा असेल तर मी हाच मार्ग सांगेन.

टीव्हीच्या पेनड्राइव्हसाठी

४ जीबीची अट कुठून येते ते इथे. बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरीही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की ही अट जाते, पण अनेक जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. ज्यांच्या घरी कोणता टीव्ही आहे हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी फॅट३२ धरून चाला. मग दोनच वाटा: वर काढलेला ३.१ एमबीपीएसचा हिशोब, किंवा अंकागणिक वेगळी फाइल. मला दुसरी वाट जास्त पसंत आहे. तीन अंकांच्या तीन फाइल केल्या तर प्रत्येकीला ६ ते ८ एमबीपीएस मिळतात, आणि आजीला थेट तिसरा अंक लावून देता येतो.

एच.२६४, ८-बिट, एएसी स्टिरिओ, यापलीकडे काही निवडू नका. फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि लहान ठेवा. काही जुन्या टीव्हींवर देवनागरीच्या जागी चौकोन येतात.

जुन्या कॅसेटवरची नाटकं

बऱ्याच मंडळांकडे आणि घरांत व्हीएचएस कॅसेटवर टिपलेली जुनी नाटकं आहेत. आपल्या दमट हवेत कॅसेटला बुरशी लवकर धरते, तेव्हा हे काम पुढे ढकलू नका. अशा कॅसेटवरून संगणकात घेतलेलं चित्र ७२० गुणिले ५७६चं आणि इंटरलेस असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम दोन वेगवेगळ्या क्षणांच्या एकाआड एक रेघांची बनलेली. तसंच काढलं तर हात हलला की कंगव्याच्या दात्यांसारख्या कडा दिसतात. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस चालू करा आणि ‘बॉब’ निवडा. त्याने २५चे ५० फ्रेम होतात आणि हालचाल मुळातल्यासारखी सलग राहते. आधीची ‘फ्रेमरेट बदलू नका’ ही सूचना इथे लागू नाही, कारण दुसरा क्षण त्या रेघांत आधीपासून होताच. चौकट ४:३ राहू द्या, ताणून १६:९ करू नका, चेहरे फुगतात. आरएफ १८ ते २० ठेवा. अपस्केल करून ‘एचडी’ म्हणू नका.

संग्रहाची प्रत

प्रोरेस ४२२सारख्या स्टुडिओच्या कोडेकमध्ये २५ फ्रेमचं १०८०पी सुमारे १२२ एमबीपीएस घेतं. अडीच तासांना १३७ जीबी. गावच्या मंडळाला हे परवडत नाही आणि फोनवरच्या चित्रणाला त्याची गरजही नाही. एच.२६४, आरएफ १६ ते १८, आवाज ३२० केबीपीएस, एवढं पुरे. बिटरेट सांगूनच काढायचं असेल तर २५ एमबीपीएस. फाइल २८ जीबीच्या घरात जाईल. शक्य असेल तर कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फाइलही तशाच ठेवा, कारण उद्या कोणी नव्याने एडिट करायचं म्हटलं तर खरा कच्चा माल तोच.

या सगळ्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग गाव, मग नाटकाचं नाव लिहा आणि आत एका साध्या मजकूर फाइलमध्ये कलाकार, दिग्दर्शक, साथीदार आणि रंगभूषाकार यांची नावं टाका. दरवर्षी जत्रेआधी दोन्ही डिस्क एकदा जोडून, प्रत्येक नाटकाचा मधला थोडा भाग चालवून पाहा. एखादी डिस्क कुरकुरायला लागली असेल तर त्याच आठवड्यात नवी आणून प्रत उतरवून घ्या.